खट्ट वाजतं, पण कधी?

गॅरेजच्या दारात गाडी उभी करून उतरलेल्या माणसाचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "पुढून, डाव्या बाजूनं आवाज येतोय." मेकॅनिक मान डोलावतो. मुरलेला असेल, तर त्यातलं "आवाज येतोय" एवढंच तो मनावर घेतो आणि "पुढून, डाव्या बाजूनं" हे सोडून देतो. गिऱ्हाईक खोटं बोलत नसतं. त्याचे कान त्याला फसवत असतात.

मोकळ्या मैदानात कोणी हाक मारली तर ती कुठून आली हे आपण डोळे मिटूनही सांगू शकतो, कारण आवाज एका कानाशी दुसऱ्यापेक्षा किंचित आधी पोचतो. हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो, तरी मेंदूला तो पुरतो. गाडीत हा हिशोब कोलमडतो. चाकापाशी बसलेला ठोका आपल्यापर्यंत येतो तो मुख्यतः पत्र्यातून. पोलादात आवाज हवेच्या सुमारे पंधरापट वेगानं धावतो, आणि आजच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसते. एकमेकांना वेल्ड केलेल्या पत्र्यांचा तो एकच डबा असतो. पुढच्या उजव्या चाकाशी बसलेला दणका या डब्यात सगळीकडे पसरतो आणि जो भाग सहज थरथरतो तिथून केबिनच्या हवेत उतरतो. कधी डॅशबोर्डखालून, कधी दाराच्या पॅनलमधून, कधी पार मागच्या सीटखालून. शिवाय चहूबाजूंनी काचा. त्यांच्यावर आपटून तोच आवाज पुन्हा दुसऱ्या दिशेनं कानावर येतो. आपण बोट दाखवतो ते आवाज बाहेर पडल्याच्या जागेकडे. ठोका बसल्याची जागा निराळीच असते.

जागेच्या बाबतीत असा भरकटणारा कान वेळेच्या बाबतीत मात्र पक्का आहे. छोट्या हॅचबॅकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण २.४ मीटर अंतर असतं. ताशी १० किलोमीटर वेगानं गाडी एखाद्या उंचवट्यावरून गेली, तर पुढची चाकं चढल्यावर मागची चाकं चढायला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. रांगत गेलात, म्हणजे ताशी पाचच्या आसपास, तर पावणेदोन सेकंद. एवढं अंतर कोणालाही ओळखता येतं. पहिल्या धक्क्याला वाजलं तर पुढे, दुसऱ्या धक्क्याला वाजलं तर मागे. आवाज पुढून "ऐकू येतो" की मागून, याचा विचारही करायची गरज नाही. या प्रकरणात जे काही सांगायचं आहे ते सगळं या एका युक्तीचा विस्तार आहे. आवाज कुठून येतो हे विचारत बसण्यापेक्षा तो नेमका कधी येतो हे विचारावं, आणि त्या "कधी"चे जितके तुकडे पाडता येतील तितके पाडावेत.

त्यासाठी लागणारं उपकरण आपल्या प्रत्येक गल्लीत बसवलेलं आहे.

गतिरोधकाचा इतिहास मोठ्या माणसांपाशी जातो. कॉम्प्टन परिणामासाठी १९२७चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळवणारे आर्थर हॉली कॉम्प्टन सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे कुलगुरू होते. आवारातून सुसाट जाणाऱ्या गाड्यांना आवरण्यासाठी त्यांनी १९५३ साली रस्त्यावर बसवायच्या उंचवट्यांचा आराखडा केला. पुढे १९७०च्या दशकात ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेनं त्याचा पद्धतशीर अभ्यास करून ३.७ मीटर लांबीचा आणि १० सेंटिमीटर उंचीचा गोलसर उंचवटा सुचवला. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसनं १९८८ साली आयआरसी ९९ या मार्गदर्शिकेत हीच मापं घेतली: १७ मीटर त्रिज्येचा कंस, ३.७ मीटर रुंदी, १० सेंटिमीटर उंची, आणि पार करायचा वेग ताशी २५ किलोमीटर. शाळेतली भूमिती आठवत असेल तर पडताळून पाहा. १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाची ३.७ मीटरची जीवा घेतली की मधला फुगवटा बरोबर १० सेंटिमीटरच भरतो.

असा गतिरोधक महाराष्ट्रात शोधायला निघालात तर बराच प्रवास घडेल. आपल्याकडे वाढदिवसाच्या केकएवढ्या रुंदीचे आणि फुटपाथएवढ्या उंचीचे डांबरी ढिगारे असतात, सोसायटीच्या दारात पिवळ्या-काळ्या रबरी पट्ट्या ठोकलेल्या असतात, आणि हमरस्त्यावर गावाच्या वेशीपाशी एकामागोमाग पाच-सहा बारीक पट्ट्यांची रांग असते. प्रवासी म्हणून हे सगळं चीड आणणारं आहे. आवाज शोधणाऱ्याला मात्र याहून चांगली प्रयोगशाळा मिळणार नाही. अहिल्यानगरच्या व्हीआरडीईसारख्या वाहन-चाचणी संस्थांना मुद्दाम खराब रस्ते बांधून घ्यावे लागतात. त्यातला दगडगोट्यांचा एक प्रकार बेल्जियममधल्या जुन्या फरसबंद रस्त्यांवरून घेतलेला आहे. आपल्याला ही सोय महानगरपालिका फुकट करून देते.

पण ट्रायल मारायच्या आधी गाडी रिकामी करा. हे सांगणं बालिश वाटतं, आणि म्हणूनच बहुतेक जण ते करत नाहीत. स्टेपनी घट्ट बसवणारा स्क्रू पंक्चरवाल्यानं अर्धाच फिरवलेला असतो. जॅक आणि त्याची दांडी आपल्या खाचेतून सुटलेली असते. सीटखाली पाण्याची बाटली, दाराच्या कप्प्यात टोलची चिल्लर, डिक्कीत वर्षभरापूर्वीच्या सत्यनारायणाचा पाट. मागच्या सीटचा पट्टा न लावता सोडला की त्याचं बक्कल खांबाच्या प्लास्टिकवर टकटक करतं. समोरच्या रिकाम्या सीटचंही तेच. नंबरप्लेट, बॅटरीची पट्टी, इंजिनखालचं प्लास्टिकचं आवरण, बॉनेट ज्या रबरी बोंडांवर टेकतं ती झिजलेली बोंडं. मागच्या सीटची पाठ कुलपात नीट बसली नसेल तर ती प्रत्येक खड्ड्याला असा दणका देते, की मालक जंपर, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बदलायला निघतो. पावसाळ्यात चाकाच्या वरच्या अस्तरात चिखल साठून वाळतो आणि त्याचे खडे खुळखुळतात. हे सगळं तपासायला अर्धा तास लागतो आणि खर्च शून्य.

सायलेन्सरचाही याच यादीत समावेश करतो. तो रबरी कड्यांवर टांगलेला असतो. एक कडं तुटलं की नळी झुलून तळाला लागते. त्याच्या वरचं उष्णतेपासून बचाव करणारं पातळ पत्र्याचं आवरण गंजून सुटलं की खणखण असा डब्याचा आवाज येतो. गाडी पूर्ण थंड असताना नळीवर तळहातानं थाप मारली की तो आवाज जसाच्या तसा ऐकू येतो. गरम असताना मारू नये, हे एकदा हात भाजलेल्या माणसाला सांगावं लागत नाही.

आता खाली काय असतं ते थोडक्यात. आपल्याकडच्या बहुतेक लहान-मध्यम मोटारींना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याच्या नावाची ही रचना फोर्डनं १९५० साली लंडनच्या मोटार प्रदर्शनात कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांतून मांडली. स्प्रिंग आणि जंपर एकाच उभ्या खांबात एकत्र, वरचं टोक बॉनेटखालच्या पत्र्याला रबरी माउंटिंगनं अडकवलेलं, खालचं टोक चाकाच्या मधल्या भागाला. चाकाला खालून धरतो तो लोअर आर्म. त्याच्या गाडीकडच्या टोकांना रबरी बुश, चाकाकडच्या टोकाला बॉल जॉइंट. स्टिअरिंगकडून येणारा टाय रॉड चाक वळवतो. आणि डावं चाक उजव्याशी जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो, स्टॅबिलायझर बार, जो दोन्ही टोकांना हाताच्या लांबीच्या एकेका लिंक रॉडनं स्ट्रटला जोडलेला असतो. स्वस्त, हलकं, जागा कमी खाणारं. मारुती ८०० पासून आजच्या बऱ्याचशा एसयूव्हीपर्यंत ही मांडणी टिकून आहे ती त्यामुळेच.

या सांगाड्यात धातू धातूला कुठेही मोकळा लागत नाही, अशी काळजी घेतलेली असते. प्रत्येक सांध्यात रबर आहे, किंवा ग्रीस भरलेला बंद गोळा आहे. आवाज सुरू होतो तो यातलं काहीतरी झिजून एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची मोकळीक तयार झाल्यावर. गॅरेजच्या भाषेत "प्ले आला". खड्ड्यावरून जाताना चाक सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतं, तर गाडीचा डबा सावकाश, सेकंदाला एक-दीड वेळा झुलतो. एवढ्याशा मोकळिकीतही दोन तुकडे एकमेकांवर सेकंदाला डझनभर वेळा आपटू शकतात. म्हणून खडबडीत रस्त्यावर येणारी सलग कटकट ही बहुधा झिजलेल्या सांध्याची असते, आणि मोठ्या गचक्यातला एकच धप्प आवाज हा चाकाचा प्रवास संपून ते टोकाला जाऊन आदळल्याचा असतो.

आता त्या आडव्या दांड्याकडे येऊ, कारण शहरातल्या गाड्यांच्या खटखटीत सर्वांत जास्त वेळा हाच गुन्हेगार निघतो आणि याला पकडायची युक्तीही सर्वांत सुंदर आहे. स्टॅबिलायझर बारचं काम वळणावर गाडीला एका बाजूला कलू न देणं. एक चाक वर गेलं आणि दुसरं खाली राहिलं की दांडा पिळला जातो आणि विरोध करतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता फिरतो, पिळला जात नाही, म्हणजे लिंकवर जवळजवळ जोर येत नाही. प्रयोग इथेच दडलेला आहे. एकच गतिरोधक घ्या. पहिल्यांदा सरळ, दोन्ही पुढची चाकं बरोबर चढतील असे जा. मग तोच गतिरोधक तिरकं जाऊन, एका वेळी एक चाक चढवत पार करा. सरळ जाताना गप्प आणि तिरकं जाताना खटखट, तर संशय थेट लिंक रॉडवर किंवा दांडा धरून ठेवणाऱ्या रबरी बुशवर जातो. खाली घासू नये म्हणून लांबुडक्या सेडानवाल्यांना प्रत्येक गतिरोधक तिरका घ्यायची सवयच असते. आपण नकळत रोज चाचणी घेतो आहोत हे त्यांच्या गावीही नसतं.

लिंक तपासताना एक सापळा आहे आणि त्यात चांगले मेकॅनिकही पडतात. गाडीचं एकच चाक जॅकवर उचललं, की ते लोंबकळतं, दुसरं जमिनीवर असतं, दांडा पिळला जातो आणि लिंक ताणली जाते. ताणलेल्या सांध्यातली मोकळीक हाताला लागत नाही. मेकॅनिक लिंक हलवून बघतो, ती घट्ट असते, आणि निकाल लागतो: "लिंक ठीक आहे साहेब, जंपर बघावा लागेल." लिंक तपासायची तर दोन्ही पुढची चाकं एकाच उंचीवर हवीत, दोन्ही जमिनीवर, किंवा दोन्ही हवेत. गाडी गॅरेजमधल्या खड्ड्यावर, रॅम्पवर किंवा लिफ्टवर घेऊन हातानं जोरात हलवली की झिजलेली लिंक लगेच बोलते. तरीही शंका असेल तर दोन्ही लिंक काढून ठेवून सोसायटीच्या आतल्या आत हळू एक फेरी मारता येते. गाडी वळणावर जास्त कलेल म्हणून रस्त्यावर नेऊ नये, पण आवाज गेला तर पुरावा पक्का. लिंक काही शे रुपयांत येते, जंपरची जोडी काही हजारांत. बिलातला फरक कुठून पडतो ते यावरून कळावं.

जंपरविषयी मला थोडी सहानुभूती आहे. गाडीत काहीही वाजलं तरी पहिलं नाव त्याचं घेतलं जातं, आणि त्याचा गुन्हा तुलनेनं क्वचित सिद्ध होतो. त्याचं काम स्प्रिंगचं झुलणं थांबवण्याचं; आतलं तेल बारीक छिद्रांतून ढकलून तो त्या हालचालीची उष्णता करून टाकतो. तेल गेलं की गाडी झुलत राहते, ब्रेक मारल्यावर नाक फार खाली जातं, टायर ठिकठिकाणी चाटल्यासारखा झिजतो. हे सगळं आवाज यायच्या आधी जाणवतं. आवाजच यायचा असेल तर तो बहुधा चाक खड्ड्यातून बाहेर पडताना किंवा मोठ्या गचक्यात येतो, धप्प. बॉनेट दाबून सोडायची जुनी चाचणी अजून चालते: गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. पण ती चाचणी फक्त पार मेलेला जंपर ओळखते. अर्धा झिजलेला तिच्यात हमखास पास होतो. अंगावर तेलाचा ओघळ आणि त्यावर बसलेली धूळ हा जास्त भरवशाचा पुरावा. नुसता ओलसरपणा असेल तर घाई करू नये.

बऱ्याचदा जंपर ठीक असतो आणि त्याच्या डोक्यावरचं माउंटिंग गेलेलं असतं. रबर आतल्या धातूपासून सुटतं आणि बारीकसारीक उंचवट्यावर टकटक सुरू होते. याचीही खूण वेळेतच आहे. गाडी जागेवर उभी असताना, इंजिन चालू ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. स्प्रिंग अडकून मग एकदम सुटल्यासारखा "टुंग" आवाज आला, तर माउंटिंगमधली बेअरिंग जाम आहे. खड्डा नाही, वेग नाही, फक्त वळवताना वाजतं, म्हणजे स्प्रिंग जिच्यावर फिरते तीच वस्तू. ज्या गाड्यांत बॉनेट उघडल्यावर स्ट्रटचं टोक दिसतं, तिथे एकानं त्यावर हात ठेवावा आणि दुसऱ्यानं गाडी हलवावी. ठोका बोटांना लागतो.

स्प्रिंगच तुटली असेल असं कोणाच्या मनात येत नाही, कारण तुटकी स्प्रिंग मोडून पडलेली दिसेल अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती तळाच्या वाटीत, जिथे चिखल आणि पाणी साठतं, तिथे शेवटच्या अर्ध्या वेढ्यात तुटते आणि गाडी मजेत चालत राहते. कोकणात खाऱ्या हवेनं गंज लवकर चढतो, तिथे हे लक्षात ठेवावं. सपाट जागी गाडी उभी करून चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंत दोन्ही बाजूंनी टेप लावा. एक बाजू ठळक खाली असेल तर वाटीत बोट घालण्याऐवजी टॉर्च मारून बघा.

ब्रेकचा आवाज हा सस्पेन्शनचा समजून केलेला खर्च मी अनेकांच्या बिलात पाहिला आहे. पॅड बदलताना त्यांना दाबून धरणाऱ्या बारीक पत्र्याच्या क्लिपा गॅरेजमध्येच राहून जातात, किंवा कॅलिपर सरकण्याच्या पिना झिजतात. मग खडबडीत रस्त्यावर पॅड आपल्या जागेत टकटकत राहतात. तपासणी अगदी सोपी: मागे गाडी नाही हे पाहून, त्याच रस्त्यावर हळू जाताना ब्रेक हलकासा टेकवा, वेग फारसा कमी होऊ देऊ नका. पॅड डिस्कला चिकटतात. टकटक त्या क्षणी थांबली आणि पाय उचलताच परत आली, तर सस्पेन्शनला हात लावायचं कारण नाही.

कुरकुर आणि करकर यांची जात वेगळी. तिथे काही आपटत नाही. एक पृष्ठभाग दुसऱ्यावर चिकटतो, ताणतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. फळ्यावर खडू किंचाळतो तो याच कारणानं. गाडीत हे करणारं रबर असतं: स्टॅबिलायझर बारचे बुश कोरडे पडतात, लोअर आर्मचे बुश चिरतात. म्हणून करकर हवामानाप्रमाणे बदलते. नाशिक-पुण्याच्या थंडीत पहाटे जास्त, कारण गार रबर कडक होतं, दुपारी कमी, आणि जोराच्या पावसात अचानक गायब. पाणी रबरावर वंगणाचं काम करतं. जूनमध्ये आवाज आपोआप बरा झाला म्हणून खूश होणाऱ्या मालकाकडे तो ऑक्टोबरमध्ये परत येतो. याच गुणाचा उपयोग करून घेता येतो. झाडांवर फवारतो ती पाण्याची बाटली घ्या आणि संशयित बुशवर, एका वेळी एकाच बुशवर, पाणी मारून गाडी हलवा. जिथे मारल्यावर करकर थांबली तो बुश दोषी. पाण्याऐवजी इंजिन ऑइल किंवा साधं ग्रीस मात्र लावू नये. खनिज तेलानं नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. दोन आठवडे शांतता मिळते आणि मग नवा बुश घ्यावा लागतो. लावायचंच तर सिलिकॉन ग्रीस.

बोलेरोसारख्या मागे पाटे असलेल्या गाड्यांचा प्रश्न सोपा आणि कायमचा असतो. पाटे एकमेकांवर घासतात, त्यांच्यात चिखल जातो, गंज चढतो, ते बोलतात. पाटे धुऊन, साफ करून, टोकांचे बुश आणि क्लिपा बघितल्या की काम झालं. काही वाहनांना ती बडबड शोभते असंही मला वाटतं.

एका आवाजाच्या बाबतीत मात्र गंमत नको. बॉल जॉइंट. अँबॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या काळात पुढच्या सांध्यांना ग्रीसची बोंडं असायची आणि सर्व्हिसिंगला ग्रीसगननं ताजं ग्रीस भरलं जायचं. आताचे सांधे बंद असतात, रबरी बूट घातलेले, आयुष्यभरासाठी. ते आयुष्य बुटाला चीर पडली की संपायला लागतं. पाणी आणि माती आत जाते, ग्रीस धुऊन निघतं आणि गोळा आपल्या वाटीत ढिला होतो. सुरुवातीला लहान खट्ट, विशेषतः हळू वळताना खड्ड्यावर. मग स्टिअरिंग एका जागी धरवत नाही, गाडी किंचित भरकटते. शेवटी गोळा वाटीतून निसटतो आणि चाक कलून मडगार्डखाली अडकतं. हे हळू वेगात झालं तर नशीब. म्हणून खट्ट आवाजाबरोबर स्टिअरिंगमध्ये कसलाही नवा सैलपणा जाणवला तर गाडी चालवत गॅरेजला नेण्याऐवजी मेकॅनिकलाच बोलवावं.

तपासायची रीत प्रत्येक गॅरेजवाल्याला माहीत असते, मालकालाही माहीत असायला हरकत नाही. चाक जमिनीपासून उचलून घड्याळातल्या १२ आणि ६ च्या जागी धरून आत-बाहेर हलवा. हललं तर बॉल जॉइंट किंवा चाकाची बेअरिंग. त्याच वेळी कोणी ब्रेक दाबून धरला आणि हलणं थांबलं तर बेअरिंग, नाही थांबलं तर बॉल जॉइंट. मग ९ आणि ३ च्या जागी धरून हलवा; तिथली मोकळीक टाय रॉडच्या टोकाची किंवा स्टिअरिंग रॅकची. रॅकचा आवाज हाताला ओळखू येतो, कारण तो कानाआधी स्टिअरिंगमधून बोटांना लागतो. हे सगळं करताना गाडी नुसत्या जॅकवर असेल तर तिच्याखाली डोकंच काय, हातही घालू नये. भक्कम स्टँड लावावा आणि मागच्या चाकांना दगड द्यावा.

धक्का गतिरोधकावर जाणवतो, पण क्लच सोडतानाही जाणवतो आणि मागे-पुढे गिअर बदलतानाही, अशी तक्रार असेल तर इंजिनचं फाउंडेशन बघा. इंजिन ज्या रबरी आधारांवर बसतं ते चिरले की इंजिन जागेवरच उचललं जातं आणि आपटतं. रस्त्याचा त्यात दोष नसतो. खड्डा फक्त निमित्त. बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांनी हा प्रश्न बराचसा मिटवला असला तरी दुसरा निर्माण केला आहे. इंजिनाची घरघर आतापर्यंत पुष्कळ खुळखुळ झाकून टाकायची. ती गेल्यावर दाराच्या पॅनलमधली क्लिपही ऐकू यायला लागली, आणि नवी कोरी गाडी घेतलेला माणूस पहिल्याच महिन्यात शोरूममध्ये तक्रार घेऊन जाऊ लागला.

मेकॅनिककडे जाताना दोन ओळी लिहून नेल्या तर त्याचा वेळ आणि आपले पैसे वाचतात. "ताशी दहाच्या आत, गतिरोधक तिरका घेतल्यावर, पहिल्या धक्क्याला, कोरड्या दिवशी, एकदाच खट्ट, सरळ गेल्यावर नाही, ब्रेक टेकवल्यानं फरक नाही." या ओळीत एकाही सुट्या भागाचं नाव नाही, पण अनुभवी माणूस ती वाचून थेट लिंककडे जाईल. भागाचं नाव आपण घेऊच नये. "जंपर गेलाय बहुतेक" असं गिऱ्हाईकच म्हणालं, तर ते बदलून देण्यात गॅरेजचा काय तोटा? आणि ट्रायलला स्वतः बाजूला बसावं, गाडी मेकॅनिकला चालवू द्यावी. आवाज त्यानं ऐकल्याशिवाय एकही नट उघडू देऊ नये.

लोअर आर्म किंवा त्याचे बुश बदलायचं ठरलंच, तर एक बारकावा बहुतेकांना ठाऊक नसतो. या बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. आर्म वरखाली होतो तेव्हा ते पिळलं जातं, सरकत नाही. गाडी लिफ्टवर असताना चाक खाली लोंबत असतं. त्याच अवस्थेत मधला बोल्ट आवळला, तर गाडी जमिनीवर टेकल्याबरोबर रबर एका दिशेला पिळलेलं राहतं, कायमचं, गाडी उभी असतानाही. असा बुश काही महिन्यांतच फाटतो आणि मालक म्हणतो, हल्ली पार्टच चांगले येत नाहीत. बोल्ट आधी सैल बसवावा, गाडीचं वजन चाकांवर घ्यावं आणि मग शेवटचा आवळ द्यावा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट. बिल चुकतं करण्याआधी काउंटरवर एवढंच विचारावं: आर्मचे बोल्ट गाडी खाली घेऊन आवळले, की वरच?